धान्याचें तारण आणि कोठाराची किल्ली

मुंबईच्या पूर्वेस असलेलें तुर्भें, ज्यास इंग्रजी वळणानें ट्रॉम्बे म्हणतात, हें साष्टीच्या भातखाचरांचें व मिठागरांचें एक टोंक होय. साष्टी इ. स. १७३९ त मराठ्यांकडे आली. १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ती घेतली व १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांजकडे कायम झाली. राज्यें पालटलीं, तरी भात तारण ठेवून कर्ज काढण्याचा व्यवहार राज्यावर अवलंबून नव्हता. त्यांतील वादाचें मूळ कोठें असतें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

देशावर धान्य पेवांत ठेवितां येतें. कोकणची भूमि दमट. तेथें पेव चालत नाहीं. भात कणगींत किंवा पेंढ्याच्या मुड्यांत राहतें, आणि कणगी असते ऋणकोच्याच घरांत. म्हणजे रोखा धनकोपाशीं व धान्य ऋणकोपाशीं. येथूनच तीन प्रश्न उद्भवतात. नुसत्या लेखानें तारण सिद्ध होतें काय? धान्य कुजलें तर तोटा कोणाचा? आणि तेंच धान्य दोघांस लिहून दिलें तर पहिला हक्क कोणाचा?

याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत या तिहींचीं उत्तरें दिलीं आहेत. आधीची सिद्धि स्वीकारानें होते. विज्ञानेश्वर मिताक्षरेंत स्पष्ट करितो कीं, केवळ साक्षी व लेख यांनीं ती होत नाहीं. राखून ठेविलेला आधि निःसार झाला तर ऋणकोनें दुसरा आधि द्यावा, नाहीं तर धन फेडावें. धनकोच्या हातून आधि नष्ट झाला तर त्यानें तो भरून द्यावा. मात्र दैवानें किंवा राजानें नाश झाला असल्यास त्याजवर दोष नाहीं. आणि आधीच्या बाबतींत पूर्वीचा व्यवहार बलवत्तर होय. धान्याच्या वाढीविषयीं मात्र स्मृतींत मतभेद आहे. मनु पांचपटीची मर्यादा सांगतो, याज्ञवल्क्य तिपटीची. मिताक्षरेनें हा विरोध ऋणकोची योग्यता व दुष्काळादि काल पाहून मिटविला आहे. हा निर्णय आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो. कारण धान्याचें मोल काळाप्रमाणें जितकें बदलतें तितकें सोन्याचें बदलत नाहीं.

१८७२ चा करारांचा कायदा इंग्रजी न्यायाच्या धाटणीचा आहे, तरी या विषयांत तो जवळजवळ त्याच वाटेनें जातो. कलम १७२ प्रमाणें तारण म्हणजे कर्जाच्या हमीसाठीं माल दुसऱ्याच्या स्वाधीन करणें. आणि कलम १४९ प्रमाणें, ज्या कृत्यानें माल त्याच्या ताब्यांत जातो तें कृत्य स्वाधीन करण्यासारखेंच होय. कोठाराची किल्ली देणें तें हेंच. माल राखणारानें सामान्य विवेकी मनुष्याइतकी काळजी घ्यावी. तितकी घेऊनही नाश झाला तर तो जबाबदार नाहीं (कलमें १५१ व १५२). परवानगीवांचून आपल्या धान्यांत दुसऱ्याचें धान्य असें मिसळलें कीं वेगळें करितां येत नाहीं, तर त्यानें भरपाई द्यावी (कलम १५७). माल विकावयाचा तर आधीं वाजवी सूचना द्यावी (कलम १७६).

‘राजकृत’ नाशाचा प्रश्नही आधुनिक न्यायालयापुढें आला. बँक ऑफ बिहारच्या खटल्यांत तारणाची साखर सरकारनें ताब्यांत घेऊन विकली होती. सर्वोच्च न्यायालयानें १९७१ त ठरविलें कीं, तेवढ्यानें तारणदाराचा हक्क बुडत नाहीं. विक्रीच्या पैशावर आधीं त्याचा अधिकार. स्मृतीनें राजकृत हानीपासून धनकोस दोषमुक्त केलें होतें. येथें त्याचा हक्क राजापुढेंही टिकला.

याच उपनगरांत, अंधेरीस, नॅशनल स्पॉट एक्स्चेंजची कचेरी होती. तेथील जोड-करारांत पैसेवाल्यानें माल विकत घ्यावयाचा व कांहीं दिवसांनीं चढ्या दरानें परत विकावयाचा. नांव खरेदीचें, पण काम कर्ज व तारण यांचें. ३१ जुलै २०१३ रोजीं व्यवहार थांबले, तेव्हां सुमारें तेरा हजार लोकांचे ५,६०० कोटी रुपये अडकलेले आढळले, आणि भात, साखर, एरंडी इत्यादि जो माल गोदामांत असल्याचे कागद होते त्याच्या मानानें गोदामांतील माल फारच अपुरा निघाला. सर्वोच्च न्यायालयानें २२ एप्रिल २०२२ रोजीं ही संस्था महाराष्ट्राच्या १९९९ च्या ठेवीदार-संरक्षण कायद्याखालीं येते असा निर्णय दिला. विज्ञानेश्वराचें वचन येथें अक्षरशः खरें ठरलें: लेख होता, स्वीकार नव्हता.

संग्राहकांस आमची विनंती यावरूनच आहे. दप्तरांत धान्याचे लहान रोखे सांपडतात, तेव्हां ते वतनपत्रांपुढें क्षुद्र मानून बाजूस सारूं नयेत. रक्कम व व्याज यांच्या पलीकडे पाहावें. माप कोणतें लिहिलें आहे, धान्य कोणाच्या घरीं राहिलें, किल्ली कोणाच्या हातीं गेली, मागील गहाणाचा उल्लेख आहे कीं नाहीं, हें टिपून ठेवावें. तुर्भ्यांत आज अणुसंशोधन केंद्र व तेलशुद्धीचे कारखाने आहेत; कणगी दाखवावयास राहिली नाहीं. तिच्यावरून माणसें कशीं भांडलीं व कशीं समजलीं, हें सांगणारे असे कागदच आतां उरले आहेत, आणि तेही फार दिवस टिकतील असें नाहीं.