एक जुलैचा वायदा



मागच्या महिन्यात कंपनीने दिलेले शेअर माझ्या नावावर झाले. ॲपमध्ये आकडा दिसला आणि पहिला विचार काय आला? फ्लॅटचं डाउन पेमेंट. खरं तर दोन वर्षांपूर्वी मी आतेबहिणीला शब्द दिला होता, "हे शेअर आले की तुझ्या नर्सिंगच्या फीचं मी बघतो." तो आठवला, पण नंतर. त्यावरूनच आजचा एपिसोड.

आपल्याकडे 'वायदा' म्हणजे वचन. बाजारात 'वायदा' म्हणजे ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या भावाने घेण्या-देण्याचा सौदा. १८६५ च्या मुंबईत दोन्ही अर्थांची एकदमच परीक्षा झाली.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, त्यामुळे तिथला कापूस इंग्लंडला पोहोचेना. लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली. कापसाचे भाव भडकले आणि शहरात पैशांचा पूर आला. नवनव्या बँका, नवनव्या कंपन्या. समुद्रात भराव घालणाऱ्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला! लोक खिशात पैसे नसताना वायद्याने शेअर घेत सुटले. अनेक सौद्यांची तारीख होती १ जुलै १८६५.

या तेजीचा राजा म्हणजे दलाल प्रेमचंद रायचंद. १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाला दोन लाख रुपये दिले ग्रंथालयासाठी, आणि त्याच वर्षी आणखी दोन लाख घड्याळाच्या मनोऱ्यासाठी.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. युद्ध संपतंय म्हटल्यावर कापूस घसरला, पाठोपाठ शेअर. एक जुलै उजाडला तेव्हा घेणाऱ्यांकडे द्यायला पैसेच नव्हते. 'अ'ने 'ब'ला दिले नाहीत, म्हणून 'ब' 'क'ला देऊ शकला नाही. अशी ती साखळी तुटत गेली. बँक ऑफ बॉम्बेचा २८५० रुपयांवर गेलेला शेअर ८७ वर आला. प्रेमचंदही बुडाले.

पण विद्यापीठाला दिलेला शब्द टिकला. मनोऱ्याचं काम १८६९ मध्ये सुरू झालं, १८७८ मध्ये पूर्ण झालं. प्रेमचंदांच्या आईचं नाव मिळालेला तोच आपला राजाबाई टॉवर.

म्हणून ते संत ठरतात का? नाही. बँक ऑफ बॉम्बेने त्यांना आणि त्यांच्या वर्तुळाला सढळ हाताने कर्जं दिली होती. ती बँक १८६८ मध्ये गुंडाळली गेली, भागधारकांचे पैसे गेले. त्याच माणसाचा एक शब्द टिकला, बाकीचे बुडाले. मला दिसतो तो फरक साधा आहे. विद्यापीठाचे पैसे तेजीतच त्यांच्या हातातून निघून गेले होते. उरलेले शब्द पुढच्या तारखेवर, पुढच्या भावावर टांगलेले होते.

अचानक आलेला पैसा आपल्याला "थांब, अजून वाढेल, मग देऊ" असं सांगतो. एक जुलैची वाट बघणारेही हेच म्हणत असणार.

बहिणीच्या फीची शेवटची तारीख ३० आहे. शेअर अजून चढतील असं ऑफिसात सगळे म्हणतायत. हे रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी मी फीपुरते शेअर विकले. फ्लॅटचं बघू.

भेटूया पुढच्या भागात!