ब्लूटूथ राजाचा खजिना

ब्लूटूथवर ऐकताय ना? ते नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या राजाचं, हॅराल्ड ब्लूटूथचं.

जानेवारी २०१८. जर्मनीचं रुगेन बेट. एक हौशी शोधक आणि १३ वर्षांचा मुलगा मेटल डिटेक्टर घेऊन शेतात फिरत होते. एक तुकडा सापडला. वाटलं, ॲल्युमिनियमचा कचरा. निघाली चांदी!

मी असतो तर त्याच रात्री टॉर्च लावून खणत बसलो असतो. थंडीत माती गोठली की दगड होते. घाव जोरात बसला तर आतलं नाणंच तुटायचं.

या दोघांनी पुरातत्त्व खात्याला कळवलं. मग तीन महिने अळीमिळी गुपचिळी. एप्रिलमध्ये तज्ज्ञांनी त्यांनाही सोबत घेऊन ४०० चौरस मीटर जमीन खणली. सुमारे ६०० नाणी मिळाली, त्यातली शंभराहून जास्त हॅराल्डच्या काळातली. सगळ्यात जुनं दमास्कसचं, इ.स. ७१४ चं, सगळ्यात नवं ९८३ चं. म्हणजे खजिना पुरला त्यानंतरच! त्याच दशकात मुलाकडून हरून हॅराल्ड पळाला होता.

ते एक नवं नाणं कुणी खिशात टाकलं असतं, तर हा दुवाच तुटला असता. जमिनीतल्या डेटाला बॅकअप नसतो, मंडळी.