‘द वंडर इयर्स’ : एका मुलाचे वाढणे, एका देशाचे बदलणे

‘द वंडर इयर्स’ ही अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर ३१ जानेवारी १९८८ ते १२ मे १९९३ या काळात प्रसारित झालेली कौटुंबिक विनोदी मालिका आहे. सहा पर्वे आणि प्रत्येकी अर्ध्या तासाचे ११५ भाग असा तिचा विस्तार आहे. केव्हिन अर्नोल्ड या शाळकरी मुलाची बारा ते सतरा या वयातील वाटचाल आणि त्याच काळात, म्हणजे १९६८ ते १९७३ दरम्यान, अमेरिकी समाजात झालेली उलथापालथ या दोन्ही गोष्टी मालिकेत हातात हात घालून चालतात. भारतात उपग्रह वाहिन्यांचे आगमन झाल्यानंतर १९९०च्या दशकात स्टार समूहाच्या वाहिनीवरून येथील इंग्रजी जाणणाऱ्या प्रेक्षकांनाही तिची ओळख झाली.

निर्मिती आणि काळाची चौकट

नील मार्लेन्स आणि कॅरल ब्लॅक या दांपत्याने ही मालिका निर्माण केली. त्यांनी लवकरच तिच्यातून अंग काढून घेतले आणि पुढील सूत्रे बॉब ब्रश यांच्याकडे आली. अमेरिकी फुटबॉलमधील सर्वांत मोठा सामना, ‘सुपर बोल’, संपल्यावर लगेच पहिला भाग दाखवण्यात आल्याने मालिकेला प्रारंभीच मोठा प्रेक्षकवर्ग लाभला.

मालिकेतील घटना प्रसारणाच्या बरोबर वीस वर्षे आधी घडतात. १९८८ मध्ये दाखवलेली गोष्ट १९६८ सालची, १९९३ मधील गोष्ट १९७३ सालची. त्यामुळे ज्यांचे बालपण १९६०च्या दशकात गेले होते, ते पालक आणि केव्हिनच्या वयाची त्यांची मुले एकाच वेळी दूरचित्रवाणी संचासमोर बसू शकत होती. केव्हिन कोणत्या शहरात राहतो, हे मालिकेत कधीही सांगितलेले नाही. एकसारख्या घरांच्या रांगा असलेले ते उपनगर अमेरिकेतील कोणतेही असू शकते.

निवेदनाची रीत

प्रौढ झालेला केव्हिन आपल्या बालपणाची हकिगत सांगत आहे, अशी मालिकेची मांडणी आहे. पडद्यावर फ्रेड सॅव्हेज या बालकलाकाराने केव्हिन साकारला, तर प्रौढ केव्हिनचा आवाज डॅनियल स्टर्न यांचा होता. पहिल्या भागाच्या मूळ प्रसारणात हे निवेदन एरी ग्रॉस यांनी केले होते. नंतर ते स्टर्न यांच्या आवाजात बदलण्यात आले.

या दुहेरी आवाजातूनच मालिकेचा विनोद आणि तिची हळहळ निर्माण होते. मुलगा प्रसंगात गोंधळलेला असतो. निवेदकाला मात्र पुढे काय घडले, हे ठाऊक असते. त्या काळातील बहुतेक विनोदी मालिका रंगमंचासारख्या एकाच दालनात, अनेक कॅमेऱ्यांनी आणि प्रेक्षकांच्या हशासह चित्रित होत. ‘द वंडर इयर्स’ चित्रपटाप्रमाणे एकाच कॅमेऱ्याने चित्रित झाली आणि तिच्यात ध्वनिमुद्रित हशा नव्हता. कोठे हसावे आणि कोठे गप्प राहावे, हा निर्णय प्रेक्षकावर सोपवलेला होता.

उल्लेखनीय भाग

पहिल्याच भागात मालिकेचा सूर निश्चित झाला. केव्हिन माध्यमिक शाळेत प्रवेश करतो. शाळेला नुकतेच रॉबर्ट केनेडी यांचे नाव देण्यात आले आहे. केनेडी यांची हत्या जून १९६८ मध्ये झाली होती. उपाहारगृहात सफरचंद भिरकावल्यामुळे वडिलांना शाळेत यावे लागते आणि घरी मार बसणार, या भीतीने केव्हिन परततो. तेथे शेजारच्या ब्रायन कूपरच्या मृत्यूची बातमी थांबलेली असते. ब्रायन व्हिएतनाममध्ये मारला गेलेला असतो. संध्याकाळी रानात एकटी बसलेली ब्रायनची बहीण विनी (डॅनिका मॅक्केलर) केव्हिनला भेटते. तो आपले जाकीट तिच्या खांद्यांवर टाकतो आणि दोघांचे पहिले चुंबन घडते. प्रेमाची सुरुवात आणि युद्धाचा शोक एकाच दृश्यात आणण्याचे धाडस तोपर्यंत कौटुंबिक विनोदी मालिकांत क्वचितच झाले होते.

‘माय फादर्स ऑफिस’ हा पहिल्या पर्वातील भाग वडिलांविषयी आहे. जॅक अर्नोल्ड (डॅन लॉरिया) रोज संध्याकाळी चिडलेले घरी येतात आणि कोणाशी फारसे बोलत नाहीत. एके दिवशी केव्हिन त्यांच्याबरोबर कार्यालयात जातो. आरंभी वडिलांचा रुबाब पाहून तो भारावतो. मात्र वरिष्ठ अधिकारी त्यांना फैलावर घेतो, तेही त्याला पाहावे लागते. तरुणपणी ताऱ्यांच्या आधारे जहाज हाकणारा कप्तान व्हावे, असे वडिलांचे स्वप्न होते. रात्री अंगणातील दुर्बिणीपाशी उभे असलेले वडील केव्हिनला त्यानंतर वेगळे दिसू लागतात. जॅक हे पात्र कोरिया युद्धात लढलेले दाखवले आहे. लॉरिया स्वतः मरीन दलाचे अधिकारी म्हणून व्हिएतनाममध्ये होते.

युद्ध मालिकेत वारंवार डोकावते, परंतु रणांगण दिसत नाही. जेवणाच्या टेबलावर थोरली बहीण कॅरन (ऑलिव्हिया डाबो) आणि वडील यांच्यात त्यावरून खटके उडतात. ‘वॉक आउट’ या भागात युद्धाच्या निषेधार्थ विद्यार्थी वर्गाबाहेर पडतात. अखेरच्या पर्वात थोरला भाऊ वेन (जेसन हर्वी) याचा मित्र युद्धावरून मनाने खचून परततो. एरवी केव्हिनचा छळ करणारा वेन त्याला सावरू पाहतो, तेव्हा त्याची एक निराळी बाजू प्रकट होते.

तिसऱ्या पर्वातील ‘गुडबाय’ हा भाग मालिकेतील सर्वाधिक गाजलेल्या भागांपैकी एक आहे. गणिताचे अबोल शिक्षक कॉलिन्स (स्टीव्हन गिलबॉर्न) केव्हिनला शाळा सुटल्यावर शिकवतात. परीक्षा तोंडावर आली असता ते अचानक शिकवणी थांबवतात आणि कारण सांगत नाहीत. दुखावलेला केव्हिन उत्तरपत्रिकेत मुद्दाम काहीबाही लिहितो. काही दिवसांनी कळते, की कॉलिन्स आजारी होते आणि त्यांचे निधन झाले आहे. जाण्यापूर्वी त्यांनी केव्हिनच्या नावाची एक कोरी प्रश्नपत्रिका बाजूला काढून ठेवलेली असते. या भागासाठी १९९० मध्ये लेखक बॉब ब्रश आणि दिग्दर्शक मायकेल डिनर या दोघांनाही एमी पुरस्कार मिळाले.

आई नॉर्मा (अ‍ॅली मिल्स) हिचा प्रवासही लक्षणीय आहे. आरंभी ती घरातच रमलेली गृहिणी दिसते. पुढे ती मातीकामाचा वर्ग लावते, त्यावरून पती-पत्नीत वाद होतात. नंतर ती महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण करून नोकरी धरते. स्त्रीमुक्तीच्या चळवळीचा उच्चार न करताही ती चळवळ घराच्या उंबरठ्यापर्यंत कशी आली, हे या भागांतून उलगडते.

अखेरचा भाग

‘इंडिपेंडन्स डे’ या शेवटच्या भागातील काळ ४ जुलै १९७३ च्या आसपासचा आहे. वडिलांच्या फर्निचर कारखान्यातील काम सोडून केव्हिन विनी जेथे उन्हाळी नोकरी करते, त्या ठिकाणी पोहोचतो. भांडण, पाऊस आणि समेट असा प्रवास करून दोघे घरी परततात. मात्र दोघांचा विवाह होत नाही. विनी कलेतिहास शिकण्यासाठी पॅरिसला जाते. केव्हिन आठ वर्षे दर आठवड्याला तिला पत्र लिहितो. ती परतते, तेव्हा तो पत्नी आणि आठ महिन्यांच्या मुलासह तिच्या स्वागताला विमानतळावर उभा असतो. दोन वर्षांनी वडिलांचा मृत्यू झाला, हेही निवेदक शांतपणे सांगतो. अखेरीस एका लहान मुलाचा आवाज ऐकू येतो. तो वडिलांना खेळायला बोलावत असतो. इतकी वर्षे गोष्ट सांगणारा आता स्वतः बाप आहे, ही जाणीव त्या एका हाकेतून होते.

सन्मान

पहिल्या पर्वात केवळ सहा भाग असतानाही १९८८ मध्ये मालिकेला सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा एमी पुरस्कार प्राप्त झाला. १९८९ चा पीबॉडी पुरस्कारही तिला मिळाला. प्रमुख अभिनेत्याच्या एमी नामांकनाच्या वेळी फ्रेड सॅव्हेज अवघा तेरा वर्षांचा होता.

गाण्यांमुळे अडलेले पुनर्दर्शन

मालिकेचे शीर्षकगीत बीटल्सचे मूळ गीत असून ते जो कॉकर यांनी गायलेल्या रूपात वापरले होते. याखेरीज त्या काळातील तीनशेच्या आसपास गाणी विविध भागांत होती. हे संगीत मालिकेचे बलस्थान होते आणि पुढे तेच अडचणीचे कारण ठरले. दूरचित्रवाणीवरील प्रसारणासाठी घेतलेल्या परवान्यांत घरगुती चित्रफिती वा डीव्हीडीचा समावेश नव्हता. प्रत्येक गाण्याचे हक्क नव्याने मिळवणे अत्यंत खर्चिक होते. इंटरनेटवर मालिका उपलब्ध झाली, तेव्हा काही मूळ गाण्यांऐवजी, शीर्षकगीताऐवजीसुद्धा, पर्यायी संगीत वापरावे लागले. बहुतांश मूळ संगीतासह संपूर्ण मालिका डीव्हीडीवर येण्यास २०१४ साल उजाडले. शेवटचा भाग प्रसारित होऊन तोवर एकवीस वर्षे लोटली होती. लोकप्रिय कलाकृतीचे जतन केवळ तिच्या चाहत्यांवर नव्हे, तर हक्कांच्या कागदपत्रांवरही अवलंबून असते, याचे हे ठळक उदाहरण मानले जाते.

नंतरचा प्रवास

डॅनिका मॅक्केलर यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संस्थेत गणिताचे शिक्षण घेतले. एका गणिती प्रमेयाशी त्यांचे नाव जोडलेले असून मुलींमधील गणिताची भीती घालवण्यासाठी त्यांनी पुस्तके लिहिली. केव्हिनचा जिवलग मित्र पॉल साकारणारा जॉश सॅव्हियानो पुढे वकील झाला.

सप्टेंबर २०२१ मध्ये एबीसीनेच याच नावाची नवी मालिका सुरू केली. काळ तोच, १९६८; मात्र कुटुंब अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथील कृष्णवर्णीय आहे आणि निवेदन डॉन चीडल यांचे आहे. तिच्या पहिल्या भागात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी येते. मूळ मालिकेतील उपनगरात जी अमेरिका सहसा दिसत नव्हती, ती या मालिकेच्या केंद्रस्थानी आली. दोन पर्वांनंतर २०२३ मध्ये ही मालिका समाप्त झाली.