खऱ्या केसांची बखर

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे रुमालात बांधलेली मोडी दप्तरे, ताम्रपट, शिक्केमोर्तब झालेल्या सनदा अशा भारदस्त वस्तू उभ्या राहतात. न्हाव्याच्या कात्रीखाली पडलेले केस कुणी साधनांत धरीत नाही. मी मात्र आज त्या केसांपासूनच आरंभ करणार आहे. ऐन फराळाच्या वेळी ही कसली गोष्ट काढली, असे म्हणून वाचकांनी रागावू नये. केस जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघांचे होते, आणि जगभरच्या मुली त्यांतल्या एकेका बटेसाठी पत्रांवर पत्रे पाठवीत होत्या.

बीटल्स या चौकडीच्या गाण्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात मी भर घालीत नाही. मला ओढ लागली ती त्यांच्या चाहतेमंडळाची. लिव्हरपूल शहरात मॅथ्यू स्ट्रीटवर ‘कॅव्हर्न’ नावाचे एक तळघर होते. तिथे दुपारच्या सुट्टीतही गाणे-बजावणे चाले आणि आसपासच्या कचेऱ्यांतली पोरे-पोरी डबा खायच्या वेळात तिथे जाऊन बसत. बीटल्स तिथे १९६१ च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा गायले आणि १९६३ च्या ऑगस्टात शेवटचे. त्या श्रोत्यांत फ्रेडा केली नावाची एक टायपिस्ट मुलगी होती. चौघांचे व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन यांनी १९६२ मध्ये तिला आपल्या कचेरीत घेतले. वय वर्षे सतरा! चाहतेमंडळाचे काम तिच्याकडे आले, तेव्हा तिने पत्रव्यवहारासाठी भाबडेपणाने आपल्या घरचाच पत्ता देऊन टाकला. पुढे टपालाचा असा पूर लोटला की त्या ढिगाऱ्यात वडिलांना घरची बिले सापडेनात. घरोघरचे वडील अशा प्रसंगी काय बोलतात ते सांगायला नकोच.

आता ते केस. केसांची मागणी आली की फ्रेडा खरोखरीच त्या चौघांचे केस मिळवी आणि पाठवी. सही मागितली तर सही खरी. एका मुलीने उशीचा अभ्रा पाठवून लिहिले की, यावर रिंगोने एक रात्र झोपावे आणि मग तो मला परत धाडावा. फ्रेडाने तो अभ्रा रिंगोच्या आईकडे, एल्सीबाईंकडे दिला आणि काम करवून घेतले. फ्रेडा तान्ही असतानाच तिची आई वारली होती. या पत्रांच्या निमित्ताने त्या घरी जाता जाता एल्सीबाईंनी तिला माया लावली. जॉर्जची आई लुईझ तर चाहत्यांच्या पत्रांना स्वतः उत्तरे लिहीत बसे. इतिहासकारांच्या जाडजूड ग्रंथांत या आयांना दोन ओळी मिळतात. माझ्या मते त्यांना एक प्रकरण द्यायला हवे होते.

एकदा मात्र असे झाले की, काम वाढले म्हणून घेतलेल्या मदतनीस मुलींपैकी एकीने आपल्या बहिणीचेच केस कापून चाहत्यांना पाठवले. फ्रेडाला ते कळले आणि तिने त्यांना कामावरून काढून टाकले. वरवर पाहता हा अतिरेक वाटतो. केसाला केसच, हजार मैलांवरच्या पोरीला काय कळणार? पण मला फ्रेडाचे पटते, आणि त्याला कारण आहे. लहानपणी मी एका नटाला अगदी सुवाच्य अक्षरात पत्र लिहून त्याचा सही केलेला फोटो मागवला होता. फोटो आला. मी तो घरभर मिरवला. ताईने बोट ओले करून हळूच सहीवरून फिरवले. शाई तसूभरही पसरली नाही; सही छापील होती! ताई हसली नाही, हे तिचे उपकार. फोटो मी वहीत ठेवला, परंतु पुन्हा कधी उघडून पाहिला नाही.

गंमत अशी की इतक्या सचोटीच्या या मंडळाची राष्ट्रीय चिटणीस ‘ॲन कॉलिंगहॅम’ ही बाई मुळी जन्मालाच आलेली नव्हती! लंडनच्या कचेरीतून निघणाऱ्या पत्रकांवर तिची सही असे, चाहते तिला आदराने पत्रे लिहीत. पण ते नाव बीटल्सचे प्रसिद्धिप्रमुख टोनी बॅरो यांच्या कचेरीने बनवलेले होते. याच बॅरोंना आणखी एक युक्ती सुचली. १९६३ मध्ये सभासद भराभरा वाढले, वर्गणी घेऊनही उत्तरे वेळेवर जाईनात, तक्रारी येऊ लागल्या. तेव्हा नाताळला प्रत्येक सभासदाला चौघांच्या आवाजातली एक पातळ, वाकणारी तबकडी टपालाने फुकट पाठवायची, असे ठरले. पहिल्याच तबकडीत पॉलने विनवले की आता आम्हाला जेली बेबीच्या गोळ्या आवडत नाहीत. जॉर्जला त्या आवडतात अशी बातमी फुटल्यापासून चाहते कार्यक्रमांत व्यासपीठावर त्यांचा मारा करीत होते. १९६३ ते १९६९ अशी सात वर्षे ही तबकडी नेमाने निघाली. आपल्याकडे दिवाळी अंकाची वाट पाहतात ना, तशीच तिची वाट पाहिली जाई.

याखेरीज ‘बीटल्स बुक’ नावाचे एक छोटे मासिकही होते. ऑगस्ट १९६३ ते डिसेंबर १९६९ या काळात त्याचे ७७ अंक निघाले. किंमत दीड शिलिंग. संपादक ‘जॉनी डीन’, आणि हेही नाव खोटेच! खरे नाव शॉन ओमहोनी. पण खोट्या नावाच्या या संपादकाने एक खरी गोष्ट फार आधी लिहून ठेवली. १९६७ च्या जानेवारीत लंडनमध्ये अफवा उठली की बर्फाळ रस्त्यावर मोटार आदळून पॉल ठार झाला. फेब्रुवारीच्या अंकात बारीकशी बातमी आली : अफवा खोटी आहे, पॉलची काळी मिनी कूपर गाडी त्या वेळी त्याच्या गॅरेजमध्ये उभी होती. विषय संपला. अडीच वर्षांनी, १९६९ च्या ऑक्टोबरात, अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या एका रेडिओ केंद्रावर ‘पॉल मेला’ हीच आवई पुन्हा उठली आणि जगभर पसरली. लोक तबकड्या उलट्या फिरवून गुप्त संदेश ऐकू लागले. अखेर नोव्हेंबरात ‘लाइफ’ साप्ताहिकाला पॉलची सहकुटुंब छबी छापून तो जिवंत असल्याची ग्वाही द्यावी लागली. दीड शिलिंगाचे मासिक जुने काढून वाचले असते तर निदान जुन्या अफवेचा जन्म तरी कळला असता!

खोट्या नावावरून आठवले. १९६६ च्या सप्टेंबरात जॉर्ज हॅरिसन पं. रविशंकरांकडे सतार शिकण्यासाठी मुंबईला आला आणि ताजमहाल हॉटेलात ‘सॅम वेल्स’ नावाने उतरला. मिशाही वाढवल्या होत्या. तरीही लिफ्टवाल्या पोराने त्याला ओळखले, आणि पाहता पाहता हॉटेलबाहेर गर्दी जमली. शेवटी वार्ताहरांना बोलावून त्याला सांगावे लागले की मी इथे शिकायला आलो आहे, मला शिकू द्या. पुढे गुरु-शिष्य काश्मीरला निघून गेले. मुंबईच्या चाहत्यांचे मंडळ नव्हते आणि मासिकही नव्हते. एक लिफ्टवाला पुरला.

आता अखेरच्या तबकड्यांकडे वळतो. पहिल्या काही वर्षांत चौघे एका खोलीत बसून एकमेकांचे बोलणे तोडीत, खिदळत. १९६८ आणि १९६९ या दोन वर्षांच्या तबकड्यांसाठी मात्र चौघांनी आपापले तुकडे वेगवेगळे ध्वनिमुद्रित केले आणि ते मग जोडण्यात आले. १९६९ च्या तबकडीत जॉन आपल्या पत्नीशी, योको ओनोशी, गप्पा मारतो, रिंगो आपल्या चित्रपटाची जाहिरात करतो, जॉर्ज काही क्षण बोलून नाहीसा होतो. जॉनने सप्टेंबरातच उरलेल्यांना आपण निघतो असे सांगितले होते, पण ते गुप्त होते. जगाला फुटीची वार्ता कळली १९७० च्या एप्रिलात, पॉलच्या निवेदनाने. म्हणजे वर्तमानपत्रांच्या चार महिने आधी, नाताळच्या टपालात, चाहत्यांच्या हाती पुरावा येऊन पडला होता. २०१७ मध्ये या साती तबकड्या पुन्हा विक्रीला आल्या, तेव्हा मी त्या लागोपाठ ऐकल्या. सातवी लावताना घरातले कुणी तरी म्हणाले, “यात ते हसत का नाहीत?”

चाहतेमंडळ १९७२ मध्ये बंद झाले. फ्रेडाने दहा वर्षे काम केले, आणि निघताना हाती असलेल्या वस्तूंपैकी बहुतेक चाहत्यांनाच वाटून टाकल्या. त्यांतली एखादीही आज लिलावात किती मोल घेईल याचा हिशेब वाचकांनी करू नये, उगाच झोप उडेल. पुढे ती लिव्हरपुलातच चिटणिसाची नोकरी करीत राहिली आणि कित्येक वर्षे या विषयावर फारसे बोललीच नाही. २०१३ मध्ये तिच्यावर एक माहितीपट निघाला. आजी तरुणपणी काय करीत होती हे नातवाला कळावे, एवढ्यासाठी तिने तोंड उघडले. त्यात ती घराच्या माळ्यावर चढते आणि उरलीसुरली थोडी खोकी खाली उतरवते.