मामाच्या पथकातला स्वार

अठराव्या शतकाच्या प्रारंभी मराठी फौजेत दाखल होणाऱ्या तरुणांचा विचार करताना पराक्रम आणि लूट यांचीच चर्चा होते. घरातील मृत्यू आणि त्यामागून येणारी भाऊबंदकी यांनी किती मुलांना घोड्यावर बसवले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. मल्हारराव होळकरांचे पूर्वायुष्य या दृष्टीने बोलके आहे. 1693 मध्ये जेजुरीजवळच्या होळ गावी धनगर कुटुंबात जन्मलेल्या मल्हाररावांचे वडील खंडोजी, मुलगा अवघा तीन वर्षांचा असताना वारले आणि भाऊबंदांशी बिनसल्यामुळे आईने त्याला घेऊन खानदेशातील तळोदे येथे भाऊ भोजराज बारगळ यांचा आश्रय घेतला. तेथे मेंढरे राखणाऱ्या या मुलाच्या तोंडावर नागाने फणा धरल्याची कथा सांगतात, परंतु अशी कथा पुढे मोठ्या झालेल्या बहुतेक पुरुषांना चिकटतेच. भोजराज हे सरदार कदम बांडे यांच्या चाकरीत स्वारांचे पथक बाळगून होते, ही साधी गोष्ट अधिक निर्णायक ठरली.

शिवकाळात ज्याला घोडा व हत्यार सरकारातून मिळे त्यास बारगीर आणि जो ते स्वतःचे आणी त्यास शिलेदार म्हणत. सभासदाच्या बखरीनुसार पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे. राजारामाच्या काळात मोगलांशी झुंजताना ही सरकारी पागेची, म्हणजे राज्याच्या मालकीच्या घोडदळाची, घडी विस्कटली आणि सरदार आपापली पथके उभारू लागले, तेव्हा भरतीचा दरवाजा बहुधा नात्यागोत्यातून उघडू लागला. त्यामुळे पोरका मल्हार घर सोडून फौजेत गेला असे म्हणणे अपुरे आहे. पितृकुळाने नाकारलेला आधार त्याला मातृकुळाच्या पथकात मिळाला आणि मामाची कन्या गौतमाबाई हिच्याशी विवाह होऊन ते नाते दुहेरी झाले. पुढे बाजीराव पेशव्यांच्या पदरी जाऊन माळव्यात दौलत उभारल्यावरही होळकरांच्या निशाणावर बांड्यांचेच तांबडे-पांढरे पट्टे राहिले.

शिपाईगिरीने दुःखाची परतफेडही केली: 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने पुत्र खंडेराव ठार झाला आणि सती जाऊ पाहणाऱ्या सून अहिल्याबाईंना मल्हाररावांनी विनवून थांबवले.