नागपूरकर भोसल्यांचे बंगाल-ओडिशा धोरण

सेनासाहेब सुभा रघूजी भोसले (पहिले) यांनी 1742 पासून बंगाल सुभ्यात सुरू केलेले आणि त्यांच्या वारसांनी 1803 पर्यंत चालविलेले हे धोरण आरंभी केवळ चौथाईच्या, म्हणजे मुलुखाच्या महसुलातील चौथ्या हिश्श्याच्या मागणीपुरते होते. अलीवर्दीखानाने 1740 मध्ये बंगालची नवाबी बळकावल्याने तेथे दुफळी माजली होती. नवाबावर नाराज असलेला मीर हबीब येऊन मिळाल्यामुळे रघूजींचे सरदार भास्करराम कोल्हटकर यांच्या फौजेला वाटाड्याही लाभला आणि मुत्सद्दीही. भोसल्यांचा हा विस्तार पेशव्यांना रुचेना. नानासाहेब पेशवे 1743 मध्ये नवाबाच्या मदतीला बंगालात उतरले, तेव्हा शाहू महाराजांनी त्याच वर्षी दोघांची कार्यक्षेत्रे वाटून देऊन पूर्वेचा प्रांत रघूजींकडे ठेवला. पुढच्याच वर्षी वाटाघाटीच्या निमित्ताने बोलावून नवाबाने भास्कररामांचा घात केला.

या स्वाऱ्यांनी बंगालच्या रयतेचे जे हाल केले, ते मराठी इतिहासलेखनाने झाकू नयेत. सरकारी घोड्यावर चाकरी करणाऱ्या ‘बारगीर’ स्वारांवरून आलेला ‘बर्गी’ हा शब्द तेथील अंगाईगीतांत आजही भीतीचाच आहे. नवाबाशी झालेल्या 1751 च्या तहाने मात्र धोरणाचा रोख पालटला. वर्षाला बारा लाख रुपये चौथाई ठरली, सुवर्णरेखा नदी ही सीमा मानली गेली आणि लवकरच ओडिशा प्रत्यक्ष भोसल्यांच्या अंमलाखाली आला. लुटीऐवजी महसूल, आणि त्यासोबत पुरीच्या जगन्नाथ मंदिराची व यात्रेची व्यवस्था, अशी जबाबदारी कटकच्या सुभेदारांवर पडली.

बंगाल ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेल्यावर मद्रास व कलकत्ता यांमधील हा पट्टा तिला खुपू लागला. 1780-81 मध्ये पेशव्यांचे कारभारी नाना फडणीस यांच्या इंग्रजविरोधी आघाडीसाठी मुधोजी भोसल्यांची फौज कटकपर्यंत गेली खरी, परंतु वॉरन हेस्टिंग्जकडून पैसा घेऊन ती स्वस्थ राहिली, आणि दूरदृष्टीचा अभाव येथे सर्वांत ठळकपणे दिसतो. 1803 मध्ये इंग्रजांशी झालेली आडगावची लढाई आणि गाविलगड हे दोन्ही हातचे गेल्यावर 17 डिसेंबरच्या देवगावच्या तहाने कटक व बालेश्वर सुटले, आणि गाविलगड-नरनाळ्याखालील मुलूख वगळता वर्धा नदीपलीकडचा वऱ्हाडही गेला व तो पुढे निजामाला मिळाला. पूर्वेला सुवर्णरेखेवर असलेली भोसल्यांची हद्द अशा रीतीने मागे हटली, पश्चिमेला ती वर्धेवर आली, आणि पुलगावजवळचे नाचणगाव राज्याच्या पोटातून उठून सीमेलगतचे गाव झाले.