११ एप्रिल : एक तारीख, दोन जयंत्या



११ एप्रिलला गावच्या चौकात महात्मा फुल्यांच्या फोटोला हार घातला जातो. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात 'राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिना'चा फलक लागलेला दिसतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्हालाही कधी वाटलं असेल.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. कस्तुरबा गांधींचा जन्मदिवसही ११ एप्रिलच, साल १८६९, गाव पोरबंदर. २००३ मध्ये केंद्र सरकारने कस्तुरबांच्या जयंतीचा दिवस सुरक्षित मातृत्वासाठी ठरवला. तारीख कस्तुरबांची खरी, पण या दिवसावर जोतीरावांचाही तेवढाच हक्क आहे. कसा, ते ऐका.

आधी कस्तुरबांचं. लग्न झालं तेव्हा नवराबायको दोघंही तेरा-चौदा वर्षांची. दोन-तीन वर्षांत पहिलं बाळंतपण झालं. ते बाळ तीन-चार दिवसच जगलं. पुढे चार मुलगे झाले. धाकटे देवदास १९०० साली दक्षिण आफ्रिकेत जन्मले. कळा एकाएकी सुरू झाल्या, डॉक्टर वेळेवर मिळेना, सुईणीला बोलावण्याइतकाही वेळ नव्हता. ते बाळंतपण शेवटी गांधीजींनी स्वतः केलं. बाळंतपणाविषयीचं गुजराती पुस्तक त्यांनी आधीच वाचून ठेवलं होतं, म्हणून निभावलं. गांधीजींनी हे सगळं आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा पुण्यात, आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना गेल्या. त्यांची समाधी तिथेच आहे.

आता त्याच पुण्यात मागे जाऊ. जोतीराव तान्हे असतानाच त्यांची आई चिमणाबाई वारली. सगुणाबाईंनी त्यांना आईच्या मायेनं वाढवलं. १८४८ ची मुलींची शाळा आपल्याला ठाऊक आहे. १८६३ ची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. त्या काळी ब्राह्मण विधवेला दुसरं लग्न करता येत नसे. तिला दिवस गेले तर पुरुष नामानिराळा राहायचा, आणि बाईपुढे विहीर नाहीतर विषारी औषध. काशीबाई नावाच्या एका विधवेनं जन्मलेलं मूल मारलं आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तेव्हा फुले दांपत्यानं स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. विधवांनी इथे यावं, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. सावित्रीबाई या बायकांची आणि त्यांच्या बाळांची काळजी घेत.

१८८४ साली जोतीरावांनी हिशोब लिहिला. तोवर ३५ बायका तिथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांची मुलं जगली फक्त ५. उरलेली ३० का गेली, तेही त्यांनी लिहिलं. दिवस गेल्याचं लपवण्यासाठी आईनं आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी पोटातल्या बाळाला इजा झालेली असायची. म्हणजे दार उघडं होतं, पण बाई तिथे पोचेपर्यंत उशीर झालेला असायचा. अशाच एका विधवेच्या मुलाला फुले दांपत्यानं १८७४ साली दत्तक घेतलं. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंच्या बरोबरीनं रोग्यांची सेवा करत होता.

मैत्रिणींनो, दडवणं आजही संपलेलं नाही. अठराच्या आत लग्न लावून दिलेल्या मुलीला दिवस गेले, की घरचे कायद्याच्या भीतीनं दवाखाना टाळतात. खरं तर कोवळ्या वयातल्या गरोदरपणात धोका जास्त, म्हणून डॉक्टरची गरज तिलाच सगळ्यांत आधी. दुसरीकडे, सोनोग्राफी कशाला, आमची तर घरीच झाली, असं म्हणणाऱ्या सासवाही आहेत.

पाळी चुकली की आशाताईंना सांगा. पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे, सिझेरियन करावं लागलं तरीही. न्यायला-आणायला १०२ नंबरची गाडी आहे, तीही फुकट.

यंदा ११ एप्रिलला चौकात हार घालायला जाल, तेव्हा शेजारच्या गरोदर सुनेलाही विचारा, बाई, तुझं नाव नोंदवलं का? नसेल नोंदवलं, तर तिला सोबत घेऊन दवाखान्यात जा. दोन्ही जयंत्या त्यात साजऱ्या होतील.